आडवी रेघ आणि शून्य : पर्यावरणाच्या डेटासाठी सहकारी शोधण्याची पार्श्वभूमी

पावसाच्या जुन्या नोंदवह्या संगणकात भरण्याचं काम मी एके काळी केलं आहे. एका पानावर जुलैतल्या तीन तारखांसमोर आकडा नव्हता, नुसती आडवी रेघ होती. माझ्या आधी कुणीतरी त्याच वहीची फाइल केली होती आणि या तीन दिवसांना शून्य टाकलं होतं. पर्जन्यमापक वाचणारे गृहस्थ तोवर निवृत्त झाले होते. पत्ता काढून भेटलो, तर म्हणाले, "अहो, ओढ्याला इतकं पाणी होतं की पलीकडे जाताच आलं नाही." म्हणजे महिन्यातले बहुधा सगळ्यात ओले दिवस फाइलमध्ये कोरडे ठक्क झाले होते.

पर्यावरणाच्या डेटावर काम करणारे गट सहकारी शोधायला इतका वेळ का घालवतात, ते मला त्या रेघेनं समजावलं. प्रोग्रॅमिंग येणारा माणूस हवाच, संख्याशास्त्र जाणणाराही हवा. पण रेघ आणि शून्य यांतला फरक ज्याला ठाऊक आहे तो गटात नसेल, तर पुढची सगळी गणितं बिनचूक होऊनही उत्तर चुकतं. असा माणूस शोधून टेबलाशी आणायची रीत गेल्या साठ वर्षांत हळूहळू बसत गेली. तिचा मोठा भाग अमेरिकेत घडला.

सुरुवात आंतरराष्ट्रीय जीवशास्त्रीय कार्यक्रमापासून धरता येते. १९६४ ते १९७४ या दहा वर्षांत अनेक देशांतल्या शास्त्रज्ञांनी गवताळ प्रदेश, जंगलं, टुंड्रा यांची मोजमापं मोठ्या चमू बांधून केली. आकडे भरपूर जमले, पण त्यांतून अख्ख्या परिसंस्थेचं गणिती प्रारूप उभं करण्याची जी उमेद होती, ती तितकीशी फळली नाही. पुढे १९८० मध्ये विज्ञान संशोधनाला पैसा पुरवणाऱ्या अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशननं दीर्घकालीन परिसर संशोधनाचं जाळं सुरू केलं. पहिली केंद्रं सहा, आणि कोलोरॅडोतला उंचावरचा नायवॉट रिज हे त्यांतलं एक. प्रत्येक केंद्र आपापल्या नोंदी नेमानं ठेवू लागलं. त्या एकमेकांशेजारी मांडून पाहायच्या तर कोण कुणाला भेटणार, कुठे भेटणार, हा प्रश्न मात्र तसाच राहिला.

त्याचं उत्तर १९९५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सांता बार्बरात मिळालं. नॅशनल सेंटर फॉर इकॉलॉजिकल अॅनालिसिस अँड सिंथेसिस, म्हणजे एनसीईएएस, हे केंद्र तिथं सुरू झालं. विद्यापीठाशी जोडलेलं, पण जागा शहरातल्या बाजारपेठेच्या रस्त्यावर. तिथं नवीन मोजमाप करायचं नाही, असलेल्याच आकड्यांवर काम करायचं, ही अट. गटाच्या प्रमुखांनी अर्जात लिहायचं की प्रश्न काय, त्यासाठी कोणता डेटा आधीच आहे आणि कोणकोण लागणार. अर्ज मंजूर झाला की प्रवासाचा आणि राहण्याचा खर्च केंद्राचा. दहा-पंधरा माणसं काही दिवस एकत्र बसत, पांगत, काही महिन्यांनी पुन्हा जमत. मला यात सगळ्यात मोलाची वाटते ती माणसांची यादी. 'कोण लागणार' हा प्रश्न संशोधनाच्या आराखड्यातच आला, ओळखीपाळखीवर सोडला गेला नाही.

अशा बैठकीचा पहिला वेळ कशात जातो, हे बाहेरून कळत नाही. तो जातो रकान्यांची नावं विचारण्यात. हे तापमान फॅरनहाइटमध्ये की सेल्सिअसमध्ये? ०३/०४ म्हणजे तीन एप्रिल की चार मार्च? इथे −९९९९ का लिहिलंय? (नोंद नाही हे दाखवायची ती जुनी खूण. ती न ओळखता कुणी सरासरी काढली, तर तळं उणे शेकडो अंशांना गोठतं.) ज्यानं तो रकाना भरला तो समोर बसला असेल, तर एका वाक्यात उलगडा होतो. नसेल, तर पत्रव्यवहारात आठवडे जातात.

केंद्राला लवकर नाव मिळालं ते रॉबर्ट कोस्टान्झा यांच्या गटामुळे. अर्थतज्ज्ञ आणि परिसरशास्त्रज्ञ अशा तेरा जणांनी मिळून निसर्ग माणसाला फुकट देतो अशा १७ प्रकारच्या सेवांची किंमत मांडली. वर्षाला सरासरी ३३ लाख कोटी डॉलर हा त्यांचा अंदाज १९९७ मध्ये 'नेचर'मध्ये छापून आला आणि त्यावर पुष्कळ वाद झाला.

सहकारी कसा मिळतो यासाठी मात्र मी नेहमी दुसरी गोष्ट सांगतो. नोव्हेंबर २००६ मध्ये कॅनडातल्या डलहौसी विद्यापीठाचे बोरिस वर्म आणि त्यांच्या साथीदारांचा निबंध 'सायन्स'मध्ये आला. मासेमारी अशीच चालू राहिली तर २०४८ पर्यंत आज धरल्या जाणाऱ्या सगळ्या जातींचे साठे कोसळतील, असं त्यात म्हटलं होतं. जगभर मथळे झाले. सिअॅटलमधल्या वॉशिंग्टन विद्यापीठाचे रे हिलबॉर्न यांनी त्यावर जाहीर आणि कडक टीका केली. त्यांचा आक्षेप नेमका रेघ-शून्याचा होता. वर्म यांचे आकडे होते जाळ्यात आलेल्या माशांचे. पण मासळी कमी आली म्हणजे समुद्रातला मासा कमी झाला, असं दर वेळी नसतं. सरकारनं मासेमारीवर बंधन घातलं, तरीही मासळी कमीच येते. पाण्यात मासा किती उरलाय हे सांगायला साठ्यांचं मोजमाप लागतं, आणि ते ठेवतात मासेमारीचं नियोजन करणारे लोक.

अमेरिकेतल्या सार्वजनिक रेडिओनं दोघांना वादासाठी बोलावलं. बोलता बोलता त्यांना जाणवलं की आपली काळजी एकच आहे, हातातला डेटा तेवढा वेगळा आहे. मग दोघांनी मिळून एनसीईएएसमध्ये गट उभा केला. एका बाजूला सागरी परिसरशास्त्राची माणसं, दुसऱ्या बाजूला मत्स्यसाठ्यांची गणितं करणारी. या दोन मंडळींचं एरवी फारसं जमत नसे. त्यांनी देशोदेशीचे साठ्यांचे अहवाल एका ठिकाणी आणले. त्या संग्रहाला २००७ मध्ये वारलेल्या रॅन्सम मायर्स यांचं नाव दिलं, कारण असे आकडे जमवण्याचं काम त्यांनी फार आधी हाती घेतलं होतं. जुलै २००९ मध्ये 'सायन्स'मध्येच दोघांचा एकत्र निबंध आला. बारकाईनं अभ्यासलेल्या दहा परिसंस्थांपैकी पाचांत मासेमारीचा ताण कमी झालेला दिसला, तरी मोजलेल्या साठ्यांपैकी ६३ टक्के अजून सावरायला हवे होते. एका बाजूचा धीर आणि दुसऱ्या बाजूची चिंता, दोन्ही त्यात आली. आपल्या कामाची सगळ्यात नेमकी चूक दाखवणारा माणूस आपल्याला लागणारा सहकारी असू शकतो, हे मी याहून चांगल्या उदाहरणानं सांगू शकत नाही.

२०११ मध्ये स्टेफनी हॅम्प्टन आणि जॉन पार्कर यांनी या केंद्रातल्या गटांचा अभ्यास प्रसिद्ध केला. समोरासमोर बसण्यानं गटाचं काम खरोखर वाढतं आणि केंद्रातच मुक्कामाला असलेले संशोधक गटात असले तर त्याचा फायदा होतो, असं त्यांना आढळलं. त्याच सुमारास हा नमुना पसरू लागला. मेरीलँडमधल्या अॅनापोलिसला, जर्मनीत लायप्झिगला, फ्रान्समध्येही अशी केंद्रं निघाली.

आपल्याकडे अशी कायमची खोली नव्हती, पण त्याच काळात सह्याद्रीसाठी असाच एक खटाटोप झाला. मार्च २०१० मध्ये माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखाली पश्चिम घाट परिसर तज्ज्ञ गट नेमला गेला. गटानं अख्खा घाट सुमारे ९ बाय ९ किलोमीटरच्या चौकोनांत विभागला आणि विखुरलेली माहिती त्या चौकोनांत बसवली. जमेल तिथं गावकऱ्यांचं म्हणणंही ऐकलं. सावंतवाडी-दोडामार्गकडच्या काही गावांनी आपलं गाव पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्रात घ्यावं असे ठराव केले होते, त्यांची दखल अहवालात आहे. ऑगस्ट २०११ मध्ये दिलेला अहवाल लोकांसमोर आला मे २०१२ मध्ये. ज्यांच्या माहितीवर तो उभा होता त्यांनाच तो वाचायला इतके महिने थांबावं लागलं, याचं मला आजही वाईट वाटतं.

नंतरच्या दशकात अडचण उलटी झाली. उपग्रहांची चित्रं, आपोआप चालणारी उपकरणं, हौशी निरीक्षकांच्या पक्षीनोंदी असा डेटा अमाप आला आणि तो हाताळणारी माणसं कमी पडू लागली. परिसरशास्त्र शिकलेल्याला क्लाउडवर, म्हणजे इंटरनेटवरून वापरायच्या दूरच्या संगणकांवर, काम करता येईना, संगणकवाल्याला माळरान आणि पडीक जमीन यांतला फरक कळेना. २०२२ मध्ये नॅशनल सायन्स फाउंडेशननं कोलोरॅडो विद्यापीठाला बोल्डर इथं नवं केंद्र उभारायला २ कोटी डॉलर मंजूर केले. एन्व्हायर्नमेंटल डेटा सायन्स इनोव्हेशन अँड इन्क्लूजन लॅब हे त्याचं नाव, संक्षेपानं त्याला एसिल म्हणतात, आणि संचालक आहेत जेनिफर बाल्च. जुना नायवॉट रिज तिथून जवळच. कार्यगट तर तिथं आहेतच, शिवाय एकमेकांना अनोळखी लोकांनी दोन-तीन दिवस एकत्र बसून कोड लिहायचा आणि त्यातून गट जुळू द्यायचा, हीही रीत आहे. अमेरिकेतल्या मूलनिवासी समाजांच्या महाविद्यालयांतल्या विद्यार्थ्यांना सामील करून घेणं हे त्या केंद्रानं सुरुवातीपासून आपलं काम मानलं आहे.

त्यामागेही वाद आहे. २०१६ मध्ये डेटा सापडावा, मिळावा, जुळावा आणि पुन्हा वापरता यावा अशी फेअर तत्त्वं मांडली गेली. त्यांत डेटा कुणाच्या जमिनीतून आला हे विचारलेलं नव्हतं. २०१९ मध्ये मूलनिवासी समाजांच्या जागतिक गटानं केअर तत्त्वं पुढे आणली. आमच्या माहितीचा फायदा आमच्या समाजाला व्हावा, तिच्यावर अधिकार आमचा असावा, असं त्यांचं म्हणणं.

हा प्रश्न आपल्या गावांत आलेलाच आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार गावोगावच्या जैवविविधता व्यवस्थापन समित्या लोक जैवविविधता नोंदवह्या करतात. त्या नमुन्यात गावातल्या वैदूंची आणि जाणकारांची नावं लिहायला जागा आहे. उद्या या वह्या संगणकात जातील, त्यांवर निबंध लिहिले जातील. त्या रकान्यातली माणसं तेव्हा टेबलाशी बसलेली असतील का, हे आज गट बांधणाऱ्यांनी पहिल्याच अर्जात लिहायला हवं.