शेवट माहितीये, तरी रडू येतं

परवा वनाजहून मेट्रोत बसले, सिव्हिल कोर्टला उतरून स्वारगेटची मेट्रो पकडायची होती, पुस्तक उघडलं आणि मान वर केली तेव्हा येरवडा आलेलं. (येरवड्याला कशी पोचलीस यावर घरी व्हायचे ते सगळे जोक होऊन गेलेत, तुम्ही नवीन करू नका.)

पुस्तक म्हणजे सरळ लव्हस्टोरी. दोघं भांडून वेगळे झालेत, तिने त्याचा नंबर डिलीट केलाय, आणि जूनच्या पहिल्या पावसात ती गाडीची डिकी उघडते तर आत त्याचा रेनकोट, गेल्या वर्षीचा, घडी न घालता कोंबलेला. बास, तिथे माझे डोळे भरले. आता हे दोघं शेवटी एकत्र येणार हे मला पहिल्या पानापासून माहिती, रोमान्स कादंबरीत तेच तर असतं, मग रडू कशाचं?

स्टेशन चुकण्याला मानसशास्त्रात ट्रान्सपोर्टेशन म्हणतात, म्हणजे वाचणारा अक्षरशः गोष्टीत नेला जातो. मेलनी ग्रीन आणि टिमोथी ब्रॉक यांनी 2000 साली यावर प्रयोग छापले. त्यात एक गंमत होती, लोकांना गोष्ट वाचायला देऊन सांगितलं की जिथे खोटं, न पटणारं वाटेल तिथे गोल करा. जे जास्त गुंगले होते त्यांनी कमी गोल केले. म्हणजे आपल्यातला खवचट पुणेकर तेवढा वेळ झोपतो! एरवी मी पहिलं हेच विचारलं असतं की वर्षभर डिकी उघडलीच नाही का हिने.

आणि रेनकोटच का लागला? 2009 मध्ये निकोल स्पीअर आणि जेफ्री झॅक्स वगैरेंनी लोकांना एफएमआरआय मशीनमध्ये (मेंदूचा कुठला भाग कामाला लागलाय ते दाखवणारं मशीन) झोपवून गोष्ट वाचायला दिली. पात्राने एखादी वस्तू हातात घेतली की वाचणाऱ्याच्या मेंदूतला हाताच्या हालचालींशी संबंधित भाग जागा व्हायचा. ‘ती फार दुःखी होती’ असं नुसतं लिहिलं तर हाताला धरायला काही नाही. ओलसर वासाचा रेनकोट मात्र धरता येतो.

राहिला प्रश्न शेवटाचा. रिचर्ड गेरिग म्हणून एक मानसशास्त्रज्ञ आहेत, त्यांचं म्हणणं साधारण असं की गोष्टीत बुडालेलं मन प्रत्येक क्षण नवाच धरून चालतं, पुढचं काय ते आठवणीतून काढून बघत बसत नाही, खऱ्या आयुष्यात तरी कुठे तीच घटना जशीच्या तशी पुन्हा घडते. शिवाय 2011 मध्ये लेव्हिट आणि ख्रिस्टनफेल्ड यांनी 12 कथांवर प्रयोग केला, तर शेवट आधी कळलेल्यांना कथा उलट जास्त आवडल्या. (नंतरच्या काही अभ्यासांत बरोब्बर उलटं निघालं, त्यामुळे ग्रुपवर स्पॉयलर टाकायला हे कारण देऊ नका.)

आपल्याकडे नाट्यशास्त्रात शृंगार रसात संभोगाइतकाच, म्हणजे मीलनाइतकाच, विप्रलंभ, म्हणजे विरहही मोजलाय. रसावर लिहिणारे जुने पंडित भट्टनायक आणि त्याच्यानंतर अभिनवगुप्त यांनी साधारणीकरण मांडलं, की रंगमंचावरचं दुःख त्या एका पात्राचं राहत नाही, म्हणून ते चाखता येतं. मला तर एफएमआरआयपेक्षा हेच जास्त पटतं, पण तो माझा प्रॉब्लेम.

‘असलं काय वाचतेस’ म्हणणाऱ्यांसाठी अजून एक. 2013 मध्ये रेमंड मार यांच्या टीमने बघितलं तर रोमान्स वाचणाऱ्यांना फोटोतल्या नुसत्या डोळ्यांवरून माणसाच्या मनातलं जास्त बरोबर ओळखता येत होतं. वाचून तसं होतं की तशीच माणसं रोमान्सकडे वळतात, ते यातून ठरत नाही.

आई कायम शेवटचं पान आधी वाचते आणि मी कायम तिच्यावर ओरडते. लेव्हिटचं सांगितलं तर म्हणाली, “मग मी इतकी वर्षं काय वेगळं सांगतीये?” पुस्तक सध्या तिच्याकडेच आहे. शेवट वाचून झालाय, आता पहिल्या पानापासून चाललंय, आणि मला सक्त ताकीद आहे की मधलं काही सांगायचं नाही.