काँक्रीट भरलेले पोलादी स्तंभ आणि आग: एक खुलासा

पोलादी नळीत काँक्रीट भरले की त्या स्तंभाला आगीपासून वेगळे संरक्षण लागत नाही, हा समज बांधकाम क्षेत्रात बरीच वर्षे फिरत आहे. तो फार तर अर्धा खरा आहे. आयएसओ ८३४ या प्रमाणित अग्निवक्रानुसार (अग्निचाचणीत वेळेनुसार तापमान कसे चढवायचे हे ठरवणारा आलेख) चाचणी-भट्टीचे तापमान ३० मिनिटांत सुमारे ८४० अंश सेल्सिअसपर्यंत चढते, आणि पोलादाची निम्मी ताकद तर ६०० अंशांच्या आसपासच गेलेली असते. उघडी नळी आधी तापून प्रसरण पावते, काही काळ जवळपास सगळा भार स्वतःवर घेते, मग नमते आणि तो भार आतल्या काँक्रीटच्या गाभ्यावर येतो. म्हणजे खरा प्रश्न गाभा किती वेळ तग धरेल हा आहे. जाड छेदाचा, कमी भाराचा, आखूड स्तंभ बराच वेळ टिकतो. सडपातळ किंवा भार मध्यापासून सरकलेला स्तंभ लवकर वाकतो, तेथे गाभ्यात सळ्या घालाव्या लागतात अथवा बाहेरून अग्निरोधक लेप द्यावा लागतो.

आणखी एक गोष्ट नकाशावरून अनेकदा गळते, आणि माझ्या मते तीच सर्वांत घातक. काँक्रीटमधील पाण्याची वाफ कोंडली तर नळी फुटू शकते. म्हणून युरोकोड ४ हे पोलाद-काँक्रीट संयुक्त बांधकामाचे युरोपीय मानक प्रत्येक मजल्यावर स्तंभाच्या वरच्या व खालच्या टोकाला किमान २० मिलिमीटर व्यासाची छिद्रे ठेवायला सांगते. ती रंगकामात बुजवू नयेत.