दमा एक, आजार दोन

घणसोली गावात माझी आजी चुलीवर तांदळाच्या भाकऱ्या भाजायची. सरपण ओलं असलं की फुंकणी घेऊन बसायची आणि घर धुराने भरायचं. साठीनंतर चार पावलं टाकली तरी तिला धाप लागू लागली. ‘म्हातारीला दमा झालाय’, एवढंच सगळे म्हणायचे. शेजारच्या दहा वर्षांच्या पोरालाही दमाच होता. पण त्याची छाती पावसाळ्यात घरघरायची आणि पाऊस सरला की तो गावभर हुंदडायचा. आजीची धाप बाराही महिने होती.

आपल्याकडे या दुखण्याची ओळख फार जुनी. चरकसंहितेत श्वासाचे, म्हणजे धाप लागण्याच्या विकाराचे, पाच प्रकार आहेत. त्यांतल्या तमकश्वासाचं वर्णन वाचताना अंगावर काटा येतो: ढगाळ हवा, पाऊस, थंडी, पूर्वेचा वारा यांनी तो वाढतो आणि रोग्याला बसल्यावरच बरं वाटतं. पहाटे तीनला खाटेच्या कडेवर, गुडघ्यांवर हात रोवून बसलेलं माणूस ज्याने पाहिलंय त्याला हे वेगळं सांगायला नको. धोतऱ्याचा धूर ओढण्याचा आपला उपाय 1802च्या सुमारास मद्रासहून इंग्लंडला पोचला. आजच्या इप्राट्रोपियम, टायोट्रोपियमच्या पंपांचं नातं त्याच जातीच्या वनस्पतींमधल्या ॲट्रोपिनशी आहे.

दमा आणि सीओपीडी (क्रॉनिक ऑब्स्ट्रक्टिव्ह पल्मनरी डिसीज, म्हणजे श्वासाची वाट कायमची अडवणारा फुप्फुसांचा जुनाट आजार) हे दोन आजार वेगळे ओळखायला मात्र खूप वेळ लागला. स्टेथोस्कोप शोधणाऱ्या लेनेक यांनी 1819 साली हवेने फुगलेल्या, आक्रसतच नाहीत अशा फुप्फुसांचं वर्णन केलं. 1846मध्ये हचिन्सन यांनी स्पायरोमीटर आणला आणि श्वास मोजता येऊ लागला. डिसेंबर 1952च्या विषारी धुक्यात लंडनमध्ये हजारो माणसं गेली, आणि छातीच्या जुनाट आजारांच्या व्याख्या नीट ठरवण्याची निकड वाढली. ‘सीओपीडी’ हे नाव रुळलं ते 1960च्या दशकानंतर.

फरक श्वासनलिकांमध्येच आहे. दम्यात नलिकेभोवतीचे स्नायू आवळतात, अस्तर सुजतं, चिकट कफ साचतो. पण औषधाने वाट बहुतेक वेळा पुन्हा मोकळी होते. सीओपीडीत बारीक नलिकांना वण पडतात. वायुकोशांच्या, म्हणजे फुप्फुसातल्या हवेच्या इवल्या पिशव्यांच्या, भिंती झिजतात, नलिकांना ताणून धरणारा आधार जातो आणि श्वास सोडतानाच त्या मिटतात. हवा आत अडकून राहते. झिजलेल्या भिंती परत येत नाहीत. दम्याच्या मुळाशी सूज आहे हे उशिरा पटलं. 1956मध्ये औषध फवारणारा दाबाचा पंप आला, 1969मध्ये आवळलेले स्नायू सैल करणारं साल्ब्युटामॉल आणि 1972मध्ये सूज कमी करणारं बेक्लोमेथासोन. तरी आजही कितीतरी घरांत फक्त तात्पुरता आराम देणारा साल्ब्युटामॉलचा निळा पंपच उशाशी असतो, याची मला खरंच काळजी वाटते.

सीओपीडी म्हणजे बिडी-सिगारेटवाल्यांचा आजार, हा समज आपल्या बायकांना महागात पडला. आजीने उभ्या आयुष्यात बिडीला हात लावला नाही. चुलीचा धूर होताच. शिवाय 1962मध्ये एमआयडीसी स्थापन झाली, आमच्या ठाणे-बेलापूर पट्ट्यात रसायनांचे कारखाने उभे राहिले, मागच्या डोंगरांत दगडखाणी फुटू लागल्या. यातल्या कशाने किती केलं, हे एका माणसापुरतं सांगता येत नाही.

सत्तरी ओलांडल्यावर तिची पहिली स्पायरोमेट्री झाली. तोवर कुणी ती सुचवलीही नव्हती. पहिल्या सेकंदात बाहेर पडणारी हवा एकूण हवेच्या 70 टक्क्यांहून कमी आणि पंप दिल्यावरही तशीच, तर संशय सीओपीडीचा. ‘जोरात फुंका आजी’, तंत्रज्ञ म्हणाली. आजीने नळी फुंकणीसारखी दोन्ही हातांत धरली आणि फुंकली. पंप दिला, पंधरा मिनिटं थांबलो, पुन्हा फुंकली. आकडा जवळपास तिथेच होता.