चुंबक चिकटला नाही, म्हणून लोखंड नाही?

दिवाळीआधी माळा उपसला की आमच्या लालबागच्या चाळीत भंगारवाल्याला वर हाक जाते. काटा काढण्याआधी तो खिशातून चुंबक काढतो. बिजागरीला चिकटला, लोखंड. पितळी तांब्याला नाही, जर्मनच्या पातेल्याला नाही. (जर्मन म्हणजे अ‍ॅल्युमिनियम, हे नव्या पिढीला सांगावं लागतं.)

घोळ होतो तो स्टीलपाशी. डब्याला चुंबक चिकटत नाही, पण डब्यातही सर्वांत जास्त लोखंडच असतं! भांड्यांच्या चांगल्या स्टीलमध्ये साधारण 18 टक्के क्रोमियम आणि 8 टक्के निकेल असतं. क्रोमियम गंज रोखतं. निकेलमुळे लोखंडाच्या अणूंची रचनाच बदलते आणि चुंबकाची ओढ जाते. डब्याच्या दाबून वळवलेल्या काठाशी मात्र चुंबक किंचित ओढला जातो, कारण त्या दाबाखाली काही अणूंची रचना पुन्हा बदलते. स्वस्त स्टीलमध्ये निकेल कमी करून मँगनीज घालतात, तेही चिकटत नाही. म्हणजे एकट्या चुंबकावर भाव ठरवणारा फसतो.

बिडाच्या (ओतीव लोखंडाच्या) तव्याला चुंबक चिकटतो, पण बिडात 2 ते 4 टक्के कार्बन असतो. घण घातला की वाकत नाही, फुटतो.

कुर्ल्याच्या भंगार बाजारात पंख्याची मोटर फोडून तांब्याची तार वेगळी काढतात. तांब्याला भाव आहे हे खरंच, पण पोलादाच्या भट्टीलाही ते तांबं नकोच असतं. वितळलेल्या लोखंडात ऑक्सिजन सोडला की अ‍ॅल्युमिनियम, सिलिकॉन आधी जळून वर तरंगणाऱ्या मळीत जातात. तांबं जळत नाही, लोखंडातच राहतं. पुढे ते पोलाद तापवून लाटताना पृष्ठभागावरचं लोखंड ऑक्साइड होऊन झडतं आणि मागे तांबं साचतं. ते 1085 अंशांना वितळतं, लाटण्याचं तापमान त्याहून जास्त. वितळलेलं तांबं पोलादाच्या कणांमध्ये झिरपतं आणि पत्र्याला भेगा पडतात. हजारात दोन-तीन भागही पुरतात.

जर्मनचं पातेलं मात्र गुणी. 660 अंशांना वितळतं आणि खनिजापासून नवं अ‍ॅल्युमिनियम करण्याच्या तुलनेत सुमारे 95 टक्के ऊर्जा वाचते.

चकचकीत नळाला भंगारवाला कानस मारतो. आत पिवळं दिसलं तर पितळेचा भाव. आम्ही ‘पितळी’ म्हणून घेतलेल्या नळाला त्याने कानस मारली, तर आत राखाडी जस्त निघालं.