शास्त्रज्ञांशी थेट संवाद : वर्गात दुसरा मोबाईल जोडण्यापूर्वी हे वाचावे

(आमच्याकडून संवाद-संच घेणाऱ्या शाळांच्या मुख्याध्यापकांसाठी व विज्ञान शिक्षकांसाठी)

शास्त्रज्ञांशी व्हिडिओ कॉलवरचा संवाद सुरू होऊन पाच मिनिटे होतात न होतात तोच आमच्याकडे फोन येतो : "पलीकडच्या सरांना आवाज घुमतो म्हणतात, तुमचा स्पीकर बिघडला आहे." आमचा माणूस गावात पोहोचेपर्यंत तासिका संपलेली असते, आणि तपासणीत स्पीकर ठणठणीत निघतो. दोष बहुतेक वेळा तिसऱ्या बाकावर ठेवलेल्या, फोटो काढण्यासाठी त्याच लिंकवरून आत आलेल्या एखाद्या शिक्षकाच्या मोबाईलचा असतो.

"पण माइक तर बंद होता" हे उत्तर आम्हाला नेहमी मिळते आणि ते खरेही असते. मात्र त्रास माइकचा नसून त्या मोबाईलच्या स्पीकरचा असतो. आपल्या स्पीकरवर कोणता आवाज वाजतो आहे हे लॅपटॉपला ठाऊक असते. तो आवाज माइकमधून परत आला की लॅपटॉप तो वजा करतो आणि मुलांचा आवाज तेवढा पुढे पाठवतो. मोबाईलवर तेच बोलणे किंचित मागेपुढे वाजते. त्याची लॅपटॉपला काहीच कल्पना नसल्यामुळे तो आवाज वर्गातलाच समजून नागपूरला बसलेल्या शास्त्रज्ञांकडे रवाना होतो. परिणामी, शास्त्रज्ञांना स्वतःचेच वाक्य क्षणभराने पुन्हा ऐकू येते आणि कितीही सराईत वक्ता असला तरी तो अडखळू लागतो. वर्गात बसलेल्यांना मात्र सारे काही सुरळीत वाटते. म्हणूनच ही चूक वर्गातल्या कोणाच्या लक्षात येत नाही.

उपाय सोपा आहे. दुसरा मोबाईल ऑडिओ न जोडता आत आणावा. आवाज कमी करून भागत नाही, कारण बऱ्याच फोनवर कॉलचा आवाज पूर्ण शून्यावर येतच नाही. अगदीच अडले तर इयरफोन लावावा. एरवी आम्ही संवाद सुरू होताच लिंकवरून होणारा प्रवेश बंद करतो, त्यावरून काही शाळांची नाराजी झाली आहे. त्यामागे कोणालाही टाळण्याचा हेतू नाही, हे आता लक्षात यावे.

असा बिनआवाजाचा मोबाईल फार कामाचाही असतो. लॅपटॉपचा कॅमेरा भिंतीकडे तोंड करून बसलेला असतो, तर मोबाईल थेट वस्तूवर धरता येतो. मुलांनी शेतातून आणलेली डोमकळी, म्हणजे पाकळ्या एकमेकींना चिकटून गुलाबाच्या कळीसारखे मिटलेले कपाशीचे फूल, मोबाईलसमोर उघडून आतली बारीक गुलाबी बोंडअळी दाखवली, तर कीटकशास्त्रज्ञ तिच्यावरच बोलू लागतात. ती मजा छापील चित्रात नाही.

प्रश्न तीन दिवस आधी लेखी मागतो, ते वेळ पुरावा म्हणून. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकातील अंतराळवीरांशी शाळकरी मुले हौशी रेडिओवरून बोलतात, तेव्हा स्थानक डोक्यावरून पार होईपर्यंत जेमतेम दहा मिनिटे मिळतात. म्हणून तेथेही प्रश्न आणि विचारणाऱ्यांचा क्रम आधीच ठरलेला असतो. आपल्याला ४० मिनिटे मिळत असली, तरी "तुम्ही शास्त्रज्ञ कसे झालात?" हा प्रश्न पाच जणांनी विचारल्यास ती पुरत नाहीत.

आदल्या दिवशीच्या तालमीचे शुल्क वेगळे का, असेही विचारले जाते. तालीम त्याच खोलीत, त्याच वेळेला, पंखे सुरू ठेवून घ्यावी लागते. टिनाच्या छताखाली आणि स्लॅबच्या खोलीत आवाज सारखा उमटत नाही. इंटरनेटचा केवळ डाउनलोड वेग पाहू नये, अपलोडही २ ते ३ एमबीपीएस मिळायला हवा. विजेची लाइन गेली की लॅपटॉप चालू राहतो, पण राउटर बंद पडतो. त्यासाठी लहान यूपीएस आमच्याकडे भाड्याने मिळतो.

शेवटची विनंती तारखेबाबत. बहुतेक शाळांना २८ फेब्रुवारीचा राष्ट्रीय विज्ञान दिनच हवा असतो. त्या सुमारास शास्त्रज्ञ आपापल्या संस्थांतील कार्यक्रमांत गुंतलेले असतात, दहावीच्या परीक्षेचे दिवस असतात आणि फरदड न ठेवणाऱ्यांच्या, म्हणजे वेचणीनंतर तीच कपाशी पुढे न राखणाऱ्यांच्या, शेतात पऱ्हाटीही (कपाशीची झाडे) उभी नसते. कपाशीवर बोलायचे असल्यास पोळ्याच्या आगेमागे, सुटीचे दिवस सोडून तारीख घ्यावी. तेव्हा डोमकळ्या शेतात सापडतात आणि आमचे संचही मोकळे असतात. तालमीचा दिवस नोंदणीच्या वेळीच ठरवून घ्यावा.