गाय मिळाली, गोठ्याचं काय?

दसरा झाला की बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातली गावं ओस पडायला लागतात. शिरूर कासार, पाटोदा, धारूर, वडवणी अशा बीड जिल्ह्यातल्या तालुक्यांतून ट्रक-ट्रॅक्टर भरून माणसं कोल्हापूर-सांगलीकडे, नाहीतर थेट कर्नाटकात ऊसतोडीला निघतात. भांडीकुंडी, शेळ्या, कोंबड्या, लेकरं, सगळं गाडीत. मागे उरतात ती बहुतेक म्हातारी माणसं. नवरा-बायको मिळून हिशोबात ‘एक कोयता’. त्या कोयत्याची उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, मजूर पुरवणाऱ्या मुकादमानं आधीच दिलेली असते आणि गाडीत बसेपर्यंत ती बहुधा संपलेलीही असते. दवाखाना, लग्न, गेल्या साली अंगावर राहिलेली बाकी.

जरा गणित मांडून पाहू. साखर कारखाने आणि मजूर संघटना यांच्यातल्या जानेवारी २०२४ च्या करारानंतर तोडणीचा दर टनामागे ३६६ रुपयांच्या आसपास गेला. समजा उचल एक लाखाची आहे आणि जोडपं दिवसाला दोन टन तोडतं. मग उचल फिटायला २७३ टन ऊस, म्हणजे जवळपास १३७ दिवस लागतात, तेही एक खाडा न होता. मधल्या काळात खायला-प्यायला घेतलेली खर्ची वेगळी. तीही खात्यावरच चढते. कारखान्याचं गाळप चालतं जेमतेम चार-पाच महिने. त्यामुळे गुढीपाडव्याच्या सुमारास गावी परतलेल्या कित्येक घरांत हाताशी काहीच नसतं आणि पुढच्या उचलीची वाट सुरू होते.

‘कष्ट करा, थोडं थोडं साठवा, वर याल’ हा सल्ला अशा घरांना सगळेच देतात. अर्थशास्त्रज्ञांमध्ये यावर जुना वाद आहे. गरीब माणूस गरीब राहतो तो त्याच्या कुवतीमुळे, की तो जिथं उभा आहे त्या जागेमुळे? दुसऱ्या मताला म्हणतात गरिबीचा सापळा. भरलेली बैलगाडी घाट चढताना आठवा. जोर कमी पडला तर ती आहे तिथं थांबत नाही, मागे घसरते. माथा ओलांडला की मात्र पुढची वाट सोपी.

खरंच असा माथा असतो का, हे तपासायला बांगलादेशात चांगली संधी मिळाली. तिथल्या ब्रॅक या संस्थेनं २००७ मध्ये अगदी गरीब, शेतमजुरी आणि घरकामावर जगणाऱ्या बायकांना जनावरं दिली, बहुतेकींना गाय. सोबत ती सांभाळायचं शिक्षणही दिलं. १,३०९ गावांतल्या २३ हजार घरांची माहिती संशोधक पुढे ११ वर्षं गोळा करत राहिले. क्लेअर बाल्बोनी, मैत्रीश घटक हे अर्थशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये त्यावर शोधनिबंध छापला.

मदत सगळ्यांना जवळपास सारखीच मिळाली, तरी वाटा फुटल्या. आधीपासून घरात थोडंफार काही होतं, अशी घरं गाय मिळाल्यावर एका ठरावीक पातळीच्या वर गेली आणि नंतर स्वतःच्या बळावर वाढत राहिली. ज्यांच्याकडे काहीच नव्हतं, अशी साधारण एक तृतीयांश घरं गाय मिळूनही त्या पातळीच्या खालीच राहिली आणि हळूहळू मूळ जागी घसरली. दोन्हीकडच्या बायकांच्या अंगच्या हुशारीत फार फरक नव्हता. फरक होता गाडी, गोठा असल्या साध्या गोष्टींचा. गाय आहे पण गोठा नाही, दूध आहे पण बाजारात न्यायला साधन नाही, तर एकटी गाय किती दिवस पोसणार?

आपल्याकडे ‘शेळ्या दिल्या, विकून खाल्ल्या’ असं कुत्सितपणे बोललं जातं, तेव्हा मला ही एक तृतीयांश घरं आठवतात. शेळी विकली याचा अर्थ घरच्यांना अक्कल नव्हती असा नाही. दिलेली मदत माथ्यापर्यंत पोचत नव्हती, असाही असू शकतो.

अर्थात बांगलादेशातला आकडा बीडला जसाच्या तसा लागू होणार नाही. तिकडे पाण्याची कमी नाही. मराठवाड्यात दोन शेळ्यांपेक्षा बोअरला पाणी लागणं किंवा न लागणं हाच कदाचित खरा माथा असेल. शिवाय इथं वर गेलेलं घरही एका दुष्काळात खाली येतं. चारा संपला की सगळे एकदमच जनावरं बाजारात नेतात, भाव पडतो, आणि पाऊस झाल्यावर तीच बैलजोडी घ्यायला दाम मोजावं लागतं चढं. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रभर रोजगार हमीची कामं निघाली, त्यामागे विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांची कल्पना होती. १९७७ मध्ये त्याचा कायदा झाला आणि २००५ मध्ये देशाचा. खडी फोडून आठवड्याचा पगार मिळाला की घरात धान्य येतं, एवढंच आपण बघतो. पण त्या पगारामुळे दावणीची जोडी विकायची वेळ टळते, हा फायदा सापळ्याच्या नजरेतून मला जास्त मोलाचा वाटतो. चारा छावणीचंही तेच.

आणि एकरकमी मोठी रक्कम या घरांना कधी मिळतच नाही, असंही नाही. दर वर्षी मिळते, उचल म्हणून. तिच्यातून गोठा मात्र उभा राहत नाही, कारण ती हातात पडण्याआधीच दवाखान्याची झालेली असते आणि तिच्या बदल्यात पुढचे पाच महिने फडात लिहून दिलेले असतात.