वन्समोअर: संगीत नाटकाच्या यशाचं माप आणि प्रेक्षागृहातला जुना वाद

संगीत नाटकाचे रसिक दोन गोष्टींवरून भांडतात. एखादं नाटक ‘चाललं’ असं कधी म्हणायचं, ही पहिली. गाणं चालू असताना प्रेक्षकांनी कसं वागावं, ही दुसरी. पहिल्या वादात प्रयोगांचे आकडे निघतात, हाऊसफुल्लच्या पाट्या निघतात आणि त्यातली कोणती पाटी बाल्कनी न उघडताच लावली होती तेही निघतं. दुसऱ्यात तानेच्या मध्येच पडणारी टाळी येते, मोबाइल येतो आणि सर्वांत मोठ्या आवाजात वन्समोअर, म्हणजे तेच पद पुन्हा म्हणा ही हाक, येते. खरं तर हा एकच वाद आहे. जाहिरातीत प्रयोगसंख्या छापायची रीत रूढ होण्याआधी ‘कालच्या प्रयोगात किती वन्समोअर मिळाले’ हीच नाटकाच्या यशाची मोजणी होती. ज्या गोष्टीने यश मोजायचं, तीच गोष्ट पुढे अशिष्ट ठरू लागली, आणि गुंता तिथे सुरू झाला.

मुळात हा शब्दच गुंत्याचा आहे. इंग्रजी रंगभूमीचा प्रेक्षक अशा वेळी ‘अँकोर’ म्हणे. आपल्याकडे मात्र ‘वन्समोअर’ रुजला, इतका की तो नाम झाला आणि त्याला क्रियापदं चिकटली. पदाला वन्समोअर ‘मिळतो’, प्रेक्षक तो ‘देतात’, नट तो ‘घेतो’. पण जुन्या रसिकांच्या बोलण्यात ‘बुवांनी तीन वन्समोअर दिले’ असंही सहज येतं. मग देणारा कोण आणि घेणारा कोण? प्रेक्षक देत असतील तर ती दाद आहे, आणि दाद स्वीकारायची की नुसती मान लववून पुढे जायचं हे गायकाने ठरवायचं. नट देत असेल तर ती मागणी आहे, आणि तिकीट काढलेल्याला ती पुरी करून घेण्याचा हक्क वाटू लागतो. आजचे दोन पक्ष नेमके या दोन अर्थांवर उभे आहेत. मला पहिला अर्थ खरा वाटतो, पण प्रत्यक्षात वन्समोअर मागणीच होऊन बसतो. ‘वाहवा’ म्हणणारा माणूस गायकाला मोकळं सोडतो. वन्समोअर ओरडणारा त्याला त्याच जागी परत बोलावतो. विंगेत पुढच्या प्रवेशासाठी उभं असलेलं पात्र, समेवर हात टेकलेला तबलजी आणि शोकात बुडालेली नायिका, सगळ्यांना चार मिनिटं मागे जावं लागतं. ‘वद जाऊं कुणाला शरण’ म्हणत असहाय झालेली सुभद्रा पुन्हा पहिल्या ओळीपासून असहाय होते, हे सौभद्र नाटकावर मनापासून प्रेम करणाऱ्यालाही कुठेतरी खुपतंच.

सुरुवातीला हे खुपत नव्हतं, आणि त्याला कारण आहे. १८८० च्या शाकुंतलात पदांची संख्या दोनशेच्या आसपास होती. साकी, दिंडी, कामदा अशा चालींची ही पदं गोष्ट पुढे नेत आणि लवकर संपत. एखादं पुन्हा म्हटलं तरी नाटकाचा खोळंबा होत नसे, शिवाय रात्र मोठी होती. चित्र पालटलं ते १९११ च्या मानापमानात बैठकीच्या गाण्याचा बाज आला तेव्हा, आणि १९१६ च्या स्वयंवरानंतर ते पक्कं झालं. पदं कमी झाली, पण एकेक पद आलाप-तानांनी फुलू लागलं. अशा पदाला वन्समोअर म्हणजे छोटी मैफलच. नाटकं पहाटेपर्यंत चालत, आणि ती पहाट पाहिली हे प्रेक्षक अभिमानाने सांगत.

१९२१ सालचं संयुक्त मानापमान हे या काळाचं शिखर. टिळक स्वराज्य फंडासाठी मुंबईत दोन प्रतिस्पर्धी मंडळ्यांचे गायकनट एका रंगमंचावर आले, एक नायिका भामिनीच्या भूमिकेत आणि एक नायक धैर्यधराच्या. तिकिटाचा दर शंभर रुपयांपर्यंत गेला होता. दोन्हींचे चाहते आपापला गट करून बसले होते, आणि कुणाचं गाणं सरस झालं यावर पुढे कित्येक वर्षं बोललं गेलं. तो प्रयोग यशस्वी झाला की नाही, हा प्रश्न कुणी विचारलाच नाही. गल्ला फंडाला गेला आणि दाद दोघांनाही मिळाली.

पुढे बोलपट आला, नाट्यगृहांची चित्रपटगृहं झाली. हे सर्वांना ठाऊक आहे.

आजच्या वादाचा खरा उगम मात्र १९६० च्या दशकात आहे. पंडितराज जगन्नाथ, मत्स्यगंधा आणि १९६७ च्या डिसेंबरात आलेलं कट्यार काळजात घुसली या नाटकांनी संगीत नाटकाला दुसरा बहर दिला. त्याच दशकात शहरांतली नाट्यगृहंही बदलली. दादरचं शिवाजी मंदिर १९६५ चं, पुण्याचं बालगंधर्व रंगमंदिर १९६८ चं. इथे नाटक रात्रभर चालत नाही, सत्रात चालतं. सकाळ, दुपार, रात्र अशा तारखा वाटलेल्या असतात आणि दुपारचा प्रयोग लांबला की रात्रीच्या नाटकाच्या नेपथ्याची गाडी मागच्या दारात ताटकळते. जुनं गाणं आणि नवं घड्याळ यांची गाठ पडली. मग काहीतरी कापावं लागलं. कुणी पदं गाळली, कुणी प्रवेश आवळले, कुणी वन्समोअरला ठाम नकार दिला. यातला शेवटचा निर्णय प्रेक्षकांना सर्वांत जास्त लागला, कारण गाळलेलं पद बऱ्याच जणांच्या लक्षातही येत नाही, पण नाकारलेला वन्समोअर सगळ्यांसमोर नाकारला जातो.

‘कट्यार’ने हा पेच आणखी घट्ट केला. तिथे गाणं हाच नाटकाचा विषय आहे. दोन गायकींचा संघर्ष गाऊनच दाखवावा लागतो. म्हणून काही रसिक म्हणत, इथे तरी वन्समोअर नाट्याला धरून आहे. दुसरे म्हणत, लोक खाँसाहेबांची भूमिका करणाऱ्या गायकाला ऐकायला येतात आणि नाटक मैफलीच्या मागे लपतं. दोघांचंही थोडं खरं होतं. ती भूमिका करणारे मूळ गायकनट वसंतराव देशपांडे १९८३ मध्ये गेल्यावर ते यश भूमिकेत किती होतं आणि गळ्यात किती, हा प्रश्न उघडा पडला. २०१० मध्ये नाटक नव्या, आटोपशीर रूपात आलं आणि २०१५ च्या चित्रपटानंतर तर एक मोठा तरुण वर्ग नाट्यसंगीताकडे वळला. प्रेक्षागृहात दाद कधी द्यायची हे त्याला कुणी शिकवलेलं नव्हतं. तानेवर टाळी देणं त्याला उत्साहाचं वाटलं, जुन्यांना ते असंस्कृत वाटलं. जुन्यांनी आपल्या तरुणपणीचे चार-चार वन्समोअर या वेळी आठवायला हवे होते.

मोबाइलने वाद आणखी कडवट केला. २०१९ मध्ये फोन वाजल्यामुळे एका नटाने प्रयोग अर्ध्यावर थांबवला, दुसऱ्याने नाटकातलं काम सोडण्याचा इशारा दिला आणि नाट्यगृहांत जॅमर बसवण्याची मागणी पुढे आली. ती नाटकं संगीत नव्हती, पण संगीत नाटकात अडचण दुहेरी असते. ऑर्गनच्या सुरात रिंगटोनचा बेसूर घुसला की गायकाचा षड्जच हलतो. शिवाय आवडतं पद आलं की हात वर होतात आणि पडदे उजळतात. चित्रण करणाऱ्याला ते प्रेम वाटतं. मागच्या रांगेतल्याला रंगमंचाऐवजी सहा इंचांची चौकट दिसते.

यशाचं माप त्याच वर्षांत दुसरीकडे सरकत होतं. २०१७ च्या अखेरीस आलेल्या संगीत देवबाभळीत दोनच स्त्रिया आहेत, आवली आणि रखुमाई. गाणी घरकामातून आणि दुखऱ्या पायातून उगवतात. हे संगीत नाटक म्हणायचं की नाही यावरही खल झाला, कारण रागदारीची लांब पदं त्यात नाहीत. तरी त्याचे प्रयोग पाचशेच्या घरात गेले. त्याच्या चाहत्यांना आणि टीकाकारांना तोच आकडा पुरतो: एक म्हणतो इतके प्रयोग म्हणजे यश, दुसरा म्हणतो आकड्यात सुपारीचे, म्हणजे आयोजकाने ठरावीक रकमेत विकत घेतलेले, प्रयोग किती ते आधी सांगा. त्या नाटकात एखादं गाणं संपल्यावर काही क्षण कुणीच टाळी वाजवत नाही, हे मी स्वतः अनुभवलं आहे. ती शांतता कुठल्या वहीत मांडायची, याचा हिशेब अजून कुणाकडे नाही.

गोव्यात देवळाच्या प्रांगणात उत्सवाचं संगीत नाटक अजूनही रात्र धरून चालतं. तिथे मागच्या दारात कुणाची गाडी उभी नसते, आणि वन्समोअर आला तर पेटीवाला आधी गायकाकडे बघतो.